ऑक्टोबरचा सराव आणि दमट हवा

जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनसाठी रोहा-पेण परिसरातील धावपटू ज्या महिन्यांत तयारी करतात, त्यांत ऑक्टोबर सर्वांत फसवा ठरतो. पाऊस ओसरलेला असतो, भातखाचरांत व कुंडलिकेच्या काठाने ओल टिकून असते आणि ऊन पुन्हा तापू लागलेले असते. प्रशिक्षकांच्या तक्त्यात मात्र याच सुमारास लांब पल्ल्याची धावही वाढते आणि वेगाचे लक्ष्यही चढते. या मासिकाच्या मते ही आखणी पठारावरच्या कोरड्या हवेची आहे, कोकणाची नव्हे.

धावताना स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता बाहेर टाकण्याचे मुख्य साधन म्हणजे घामाचे बाष्पीभवन होय. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच घाम थेंबाथेंबाने रस्त्यावर गळला तर शरीरातील पाणी व मीठ तेवढे जाते, गारवा जवळजवळ मिळत नाही. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम वाळत नाही, गळतो. पहाटे धावले की प्रश्न सुटला, ही सार्वत्रिक समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे, कारण पहाटे ऊन नसते आणि हवा थंड असते, पण हवेतील बाष्प दुपारइतकेच असू शकते. कतारमधील दोहा येथे 2019 च्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्रीच्या सुमारास सुरू करूनही 68 पैकी 28 धावपटूंना शर्यत सोडावी लागली.

साध्या तापमापकावर विसंबणे त्यामुळे पुरेसे नाही. वेट बल्ब ग्लोब तापमान या निर्देशांकात ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाच्या नोंदीला 70 टक्के, काळ्या गोळ्यातील तापमापकाच्या नोंदीला 20 टक्के आणि सावलीतील साध्या नोंदीला केवळ 10 टक्के वजन दिले जाते; दमटपणाचे महत्त्व याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

उष्णतेची सवय अंगी बाणायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो आणि त्यातील मीठ कमी होते. मात्र सराव थांबला की काही आठवड्यांत ही सवय ओसरते. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून थेट सरावाला उतरणाऱ्या हौशी धावपटूला तर अपुऱ्या झोपेचा भारही सोसावा लागतो, आणि त्याची दखल कोणत्याच तक्त्यात नसते.

पाण्याबाबत दोन्ही टोके घातक आहेत. सरावात घटलेले एक किलो वजन म्हणजे ढोबळमानाने एक लिटर पाणी; परंतु तहानेपलीकडे नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. मीठ घातलेले कोकम सरबत किंवा ताक घ्यायला हरकत नाही, तथापि त्याने वाढलेला वेग सुरक्षित होत नाही. आयोजकांनी बर्फ व पाण्याचा टब अंतिम रेषेजवळ ठेवावा, कारण श्रमजन्य उष्माघातात, म्हणजे शरीराच्या आतले तापमान 40 अंशांपलीकडे जाऊन शुद्ध हरपू लागते तेव्हा, आधी शरीर थंड करायचे आणि मग रुग्णालय गाठायचे, हा क्रम जीव वाचवतो.

ऑक्टोबरच्या तक्त्यातून वेगाचा रकाना काढून त्याजागी नाडीचे ठोके आणि सरावाआधीचे व नंतरचे वजन लिहावे, अशी रोहा-पेणच्या प्रशिक्षकांना विनंती आहे.