पट, पाट आणि पडदा

आजोबांनी दुपारी मोबाइलवर खेळावे का, असे चिंचवडमधील अनेक कुटुंबे दवाखान्यात विचारतात. उत्तर खेळागणिक वेगळे आहे.

बुद्धिबळ हा विचारांचा खेळ. पडद्यावर येऊनही त्याचे फारसे काही हरपत नाही. उलट आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी केव्हाही मिळतो. दृष्टी मंदावलेल्यांना टॅबलेटवरील मोठा पट सोयीचा ठरतो. लुडोत परगावची नातवंडेही सामील होऊ शकतात. नवी मुंबईतील कंपनीने २०१६ मध्ये आणलेला ‘लुडो किंग’ २०२० च्या टाळेबंदीत म्हणूनच अनेक घरांत रुळला. मात्र पडद्यावर घरे मोजण्याचे काम यंत्रच करते. ज्यांच्या मेंदूला त्या मोजणीचाच व्यायाम हवा, त्यांच्यापुढे खरा पट मांडावा.

कॅरमची गोष्ट निराळी. १९ सोंगट्या रचणे, स्ट्रायकर नेमका मारणे यांत नजर, बोटे आणि खांदा एकत्र राबतात. पडद्यावर त्यांतले फार थोडे उरते.

न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील व्यक्तींच्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बैठे खेळ खेळणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. खेळामुळेच तो टळला, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तरी खेळण्यात तोटा नाही.

काळजी घेणाऱ्यांनी इतके पाळावे: अर्ध्या तासाने पडद्यावरून नजर काढायला लावावी, पैसे लावून खेळले जाणारे खेळ पूर्ण वर्ज्य मानावेत आणि रोज एक डाव स्वतः खेळावा. वाढता विसराळूपणा किंवा हाताचा कंप समोर बसणाऱ्याच्याच प्रथम लक्षात येतो. तसे दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे.