बाजारभावाने मोजलेली मदत

2005 साली कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवले. अमेरिकेच्या केंद्र सरकारने लुइझियाना राज्याला अब्जावधी डॉलर दिले आणि राज्याने त्यातून घरबांधणीसाठी ‘रोड होम’ योजना काढली. कमाल मदत दीड लाख डॉलर. पण वादळाआधीचा घराचा बाजारभाव आणि दुरुस्तीचा खर्च, यांत जो आकडा कमी तोच हिशेबाला धरला गेला. लोअर नाइन्थ वॉर्डसारख्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत घरांना मुळात भावच कमी. लाकूड, खिळे, सुताराची मजुरी यांत मात्र वस्ती पाहून कोणी सूट देत नाही! वर्षानुवर्षांच्या भेदभावाने बाजारात पडलेला भाव सरकारने मदतीत कायम केला. हा आमच्या मते धडधडीत अन्याय होता. रहिवासी कोर्टात गेले. तडजोड झाली ती 2011 मध्ये. तोवर कित्येकांनी शहर सोडले होते.