डेट्रॉइटचा कामगार, फ्रेस्नोचा मास्तर

कवीने अध्यापकाची नोकरी धरली की त्याची कविता वर्गाच्या चार भिंतींत कोंडली जाते, हा आक्षेप नवा नाही. अमेरिकेत तर तो फारच जोराने घेतला जातो. कारण दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशातील कितीतरी नामवंत कवी कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाच्या पगारपत्रकावर आले. तेथे काव्यलेखनाचे रीतसर वर्ग भरतात, त्याच्या पदव्या मिळतात, आणि पदवीधर कवी दुसऱ्या विद्यापीठात जाऊन आणखी कवी घडवावयास बसतात. हा कारखाना पाहून रसिकाच्या मनात शंका यावी हे साहजिकच आहे. तथापि फिलिप लेव्हिन यांचे चरित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे हा आक्षेप सरसकट घेता येत नाही, असे आम्हांस वाटते. हे गृहस्थ वर्गात आले ते खऱ्याखुऱ्या कारखान्यातून.

लेव्हिन यांचा जन्म १० जानेवारी १९२८ रोजी मोटारींच्या डेट्रॉइट शहरात, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. पाच वर्षांचे असताना वडील वारले. चौदाव्या वर्षापासून ते कामाला लागले. पुढे वेन विद्यापीठात शिकत असताना आणि १९५० साली पदवी मिळाल्यावरही शेव्हरोले, कॅडिलॅक अशा कंपन्यांच्या कारखान्यांत त्यांनी मजुरी केली. रात्रपाळी, भट्टीची धग, तेलाने माखलेले हात, आणि शेजारी गोरे, काळे, नुकतेच परदेशातून आलेले असे नाना तऱ्हेचे कामकरी. या माणसांना अमेरिकन कवितेत आवाज नाही, तो आपण द्यावयाचा, असा निश्चय त्यांनी ऐन विशीत केला. निश्चय करणे सोपे. परंतु तो पार पडावयास फार वर्षे लागली. प्रारंभी लिहिलेल्या कारखान्यावरील कवितांत संतापच अधिक होता, आणि नुसत्या संतापाची कविता होत नाही, हे त्यांना स्वतःलाच कळत होते.

१९५३ साली ते आयोवा विद्यापीठाच्या सुप्रसिद्ध लेखनवर्गात जाऊन बसले. फीला पैसे नव्हते, म्हणून नाव न नोंदविताच बसले. तेथे प्रथम रॉबर्ट लॉवेल आणि नंतर जॉन बेरिमन हे शिकवीत. लॉवेल कवी म्हणून केवढेही मोठे असोत, शिक्षक म्हणून लेव्हिन यांची त्यांच्याकडून निराशा झाली. बेरिमन मात्र निराळे निघाले. ते विद्यार्थ्याच्या कवितेची ओळ न् ओळ तपासत, तोंडदेखली स्तुती करीत नसत, आणि पूर्वसूरींचे काव्य किती कसून वाचावे लागते याचा धडा स्वतःच्या वाचनाने घालून देत. त्या लहानशा वर्गातून लेव्हिन यांच्याखेरीज डब्ल्यू. डी. स्नॉडग्रास, डोनाल्ड जस्टिस यांसारखे कवी पुढे आले. चाळीस वर्षांनी, १९९४ साली, ‘द ब्रेड ऑफ टाइम’ या आठवणींच्या पुस्तकात लेव्हिन यांनी या गुरूचे ऋण मोकळेपणाने मान्य केले.

१९५८ साली ते कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोच्या सरकारी महाविद्यालयात रुजू झाले आणि १९९२ पर्यंत तेथेच राहिले. फ्रेस्नो हे काही हार्वर्ड नव्हे. भोवती मनुकांचे, कापसाचे, फळबागांचे खोरे. पटावरची पुष्कळशी मुले शेतकऱ्यांची व शेतमजुरांची, घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेली. आमच्या मते लेव्हिन यांच्या कर्तृत्वाचा खरा गाभा येथे आहे. आपल्यासारख्या माणसांवर कविता लिहिता येते, आपल्या घरची बोली कवितेत चालते, ही गोष्ट या मुलांना कोणी सांगितली नव्हती. ती सांगणारा मास्तर स्वतः यंत्रावर उभा राहिलेला होता. त्यांच्या हाताखालून गॅरी सोटो, लुइस ओमार सालिनास, डेव्हिड सेंट जॉन, शर्ली ॲन विल्यम्स, लॅरी लेव्हिस असे कितीतरी लेखक बाहेर पडले. १९७० साली फ्रेस्नोच्या वीस कवींचा एक संग्रहच प्रसिद्ध झाला. त्यांचे शिकवणे सौम्य नव्हते. थट्टा बोचरी असे आणि वाईट ओळीची गय नसे. तरीही २०१३ साली चाळीस जणांनी त्यांच्यावर लेख लिहून पुस्तक काढले. गुरूच्या डोळ्यांदेखत अशी कृतज्ञता व्यक्त व्हावी, हे भाग्य थोड्यांनाच लाभते.

त्यांची स्वतःची कविता याच काळात वाढली. पहिला संग्रह १९६३ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, आयोवातील एका लहानशा हातछापखान्यातून निघाला. १९६७ च्या जुलैत डेट्रॉइटमध्ये दंगल उसळली, त्रेचाळीस माणसे मेली. आपले शहर जळालेले पाहून आल्यावर त्यांनी ‘दे फीड दे लायन’ ही कविता लिहिली. त्याच नावाचा संग्रह १९७२ मध्ये आला. या शीर्षकाचे मूळ एका काळ्या सहकाऱ्याने मोटारींचे जुने भाग निवडून पोत्यांत भरताना सहज केलेल्या विनोदात आहे. व्याकरणाला न जुमानणारे ते बोल कवीच्या कानात अनेक वर्षे राहिले आणि वेळ येताच गर्जना होऊन बाहेर पडले.

१९९१ साली ‘व्हॉट वर्क इज’ प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षक-कविता फोर्डच्या दारात पावसात कामासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाची आहे. पुढे उभ्या असलेल्या कोणाची तरी पाठ पाहून त्याला आपला भाऊ आठवतो. भाऊ रात्रपाळी करून घरी झोपला आहे. ऑपेरा गाता यावा म्हणून दुपारच्या आत उठून जर्मन शिकणार आहे. भावावरचे आपले प्रेम आपण त्याला कधी बोलून दाखविले नाही, ही टोचणी म्हणजेच ती कविता. त्याच १९९१ सालच्या डिसेंबरात आमच्या इंदुरातील हुकुमचंद मिलचा भोंगा बंद पडला. फाटकाशी ताटकळणारी माणसे पाहिलेल्या वाचकाला या कवितेसाठी टीपांची गरज पडू नये.

लेव्हिन यांच्यावर टीका झाली नाही असे नाही. हेलन व्हेंडलर यांच्यासारख्या अधिकारी समीक्षकांनी, या साध्या कथनाला कविता का म्हणावे, अशी शंका घेतली होती. त्यांच्या काही रचना सैल आहेत, तेच डेट्रॉइट पुनःपुन्हा येते, हे आम्हीही नाकारीत नाही. कारखाना सोडून कॅलिफोर्नियाच्या उन्हात बसलेल्या माणसाला कामगारांच्या नावाने बोलण्याचा अधिकार काय, असेही विचारता येईल. यावर आमचे उत्तर असे की, रात्रपाळीवरून आलेल्या माणसाला लिहावयास त्राण उरत नाही; जो सुटला त्याने मागे राहिलेल्यांना विसरू नये एवढीच अपेक्षा करता येते, आणि ती त्यांनी अर्धशतक पाळली. आपल्याकडे गिरणी, शाळेतील शिपाईगिरी आणि मग शिक्षकी असा प्रवास केलेल्या नारायण सुर्वे यांचे स्मरण येथे होणे अपरिहार्य आहे. दोघे जवळजवळ समवयस्क. एकमेकांचे नावही बहुधा त्यांच्या कानावर गेले नसेल.

मानसन्मान पुष्कळ मिळाले: १९८० व १९९१ ची राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिके, १९९५ चे पुलित्झर, आणि २०११ साली, त्र्याऐंशीव्या वर्षी, राष्ट्राचे कविपद. परंतु आम्हांला अधिक मोलाची वाटते ती एक लहान हकीगत. लॅरी लेव्हिस हा त्यांचा शिष्य फ्रेस्नोजवळच्या शेतावर वाढलेला. पुढे गुरुशिष्यांचे मित्र झाले आणि परस्परांच्या कविता वाचून दुरुस्त करू लागले. १९९६ साली लेव्हिस एकोणपन्नासाव्या वर्षी अकस्मात वारला. त्याच्या मागे राहिलेल्या कागदांतून ‘एलेजी’ हा संग्रह सिद्ध करण्याचे काम जवळजवळ सत्तरीच्या गुरूने केले. १४ फेब्रुवारी २०१५ रोजी लेव्हिन स्वतः फ्रेस्नो येथे निवर्तले, तेव्हा त्यांचा अखेरचा संग्रह असाच एका कविमित्राने, एडवर्ड हर्श यांनी, पुरा केला. त्याचे नाव ‘द लास्ट शिफ्ट’, म्हणजे शेवटची पाळी.

आपल्या शहरांत कविसंमेलने होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, नवोदितांना आशीर्वादही मिळतात. परंतु गिरणी कामगाराच्या किंवा शेतमजुराच्या मुलाने वहीत लिहून आणलेली कविता समोर घेऊन, ही ओळ खोटी आहे, ही खरी आहे, असे तासभर सांगत बसणारा वडीलधारा कवी त्याला कोठे भेटतो? फ्रेस्नोच्या मुलांना तो चौतीस वर्षे भेटत होता. आमच्या महाविद्यालयांतील मराठीच्या अध्यापकांनी आणि वाचनालयांच्या चालकांनी आठवड्यातील एक संध्याकाळ याकरिता राखून ठेवली, तर त्यास फारसा खर्च येणार नाही.