बेगोनियाला पंचांग कोणते?



बागकामाचे पुस्तक वाचताना त्याचा लेखक कोठे राहतो, हे तुम्ही पाहता काय? बहुधा नाही. 'कंद मार्चमध्ये लावावेत आणि दव गोठू लागण्यापूर्वी काढून ठेवावेत' असे वाक्य आले की, आपण ते भूमितीतील प्रमेयासारखे प्रमाण मानतो. पण पुण्यात किंवा कोल्हापुरात दव गोठण्याची वाट पाहत बसले, तर कंद काढायचा तरी केव्हा? माझे मत असे की, अशा पुस्तकांतून महिने घेऊच नयेत. त्या महिन्यांमागची कारणे तेवढी घ्यावीत. मी पदार्थविज्ञान शिकवतो, वनस्पतिशास्त्र नव्हे. तरीही या विषयात मी तोंड घालतो आहे, कारण यातला निम्मा भाग पदार्थविज्ञानाचाच आहे.

उदाहरणादाखल कंद धरणारा बेगोनिया घेऊ. याची फुले लाल, केशरी, पिवळी, पांढरी आणि चांगल्या जातीत गुलाबाहूनही मोठी असतात. (निळे फूल मात्र या कुळात नाही!) पान मध्यशिरेवर दुमडून पाहा, त्याचे दोन भाग कधीच जुळत नाहीत. हौसेने आणलेली ही कुंडी काही महिने फुलते, मग पाने पिवळी पडतात, खोड गळून पडते आणि घरातील मंडळी 'मेला बेगोनिया' म्हणून कुंडी रिकामी करतात. पुष्कळदा त्या मातीत टणक, जिवंत कंद असतो. चांगला सांभाळला, तर तो वर्षानुवर्षे वाढत जातो. त्याला उकिरडा दाखवणे मला अन्यायाचे वाटते.

आता या कंदाचे मूळ गाव पाहू. इंग्लंडमधील व्हीच या रोपवाटिकेने रिचर्ड पिअर्स या संग्राहकाला दक्षिण अमेरिकेत धाडले होते. त्याने १८६४ च्या सुमारास बोलिव्हियातून आणि नंतर पेरूतून बेगोनियाच्या रानटी जाती पाठवल्या. त्यांच्या संकरातून पहिली बागायती जात १८७० मध्ये विक्रीला आली. पेरूमधील जात कुस्को शहराच्या परिसरात, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर सापडली होती.

नकाशा उघडा. कुस्को विषुववृत्ताच्या दक्षिणेस साडेतेरा अंशांवर आहे, तर पुणे उत्तरेस साडेअठरा अंशांवर. म्हणजे दिनमानाच्या बाबतीत आपण या वनस्पतीचे जवळजवळ शेजारीच! कुस्कोचा सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या किंचित आत असतो, पुण्याचा सव्वातेरा तासांचा. लंडनचा मात्र साडेसोळा तासांहून मोठा. मग हा पाहुणा लंडनजवळ रमला आणि पुण्यात का रुसतो?

उत्तर उंचीत आहे. हजार मीटर वर गेले की, हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सियसने उतरते. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर, पुणे ५६० मीटरवर. वजाबाकी आणि गुणाकार करा. फरक अठरा अंशांच्या घरात येतो. (हिशेब ढोबळ आहे; ढग आणि वारे त्यात थोडी ढवळाढवळ करतात.) पारा तिशीपलीकडे राहू लागला की या झाडाच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात. सावली केली तरी रात्रीचा गारवा कोठून आणणार?

खरी अडचण तर पुढेच आहे. दिनमान बारा-तेरा तासांखाली उतरले की, हे झाड फुले आवरते घेऊन कंदात अन्न साठवू लागते. अँडीज पर्वतात मोठा दिवस, पाऊस आणि फुलांना मानवणारा गारवा एकत्र येतात. आपल्या पठारावर गारवा येतो डिसेंबरात, तेव्हा दिवस अकरा तासांचा. आणि दिवस मोठा होतो तेव्हा वैशाख वणवा. दोन्ही सोयी एकदम मिळत नाहीत. महाबळेश्वर-पाचगणीकडची हवा त्यामानाने बरी, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

दुसरे म्हणजे, कंद थंडीसाठीच असतो ही समजूतही त्या इंग्रजी पुस्तकांनीच दिलेली आहे. कुस्कोकडे पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च. जून-जुलै जवळजवळ कोरडे. कंद हा त्या कोरड्या महिन्यांची शिदोरी आहे. पुरावा हवा असेल तर पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटात जा. ओल्या कातळावर गुलाबी-पांढऱ्या नाजूक फुलांचा 'बेगोनिया क्रेनाटा' दिसेल. तेथे बर्फ पडत नाही, तरी तो कंद धरतो आणि पाऊस सरला की दिसेनासा होतो. कृपा करून तो उपटून आणू नका. कातळावरच्या चिमूटभर मातीत त्याचे पुढच्या वर्षाचे सारे भांडवल असते.

तेव्हा आपल्या कुंडीतील बेगोनियाची पाने पिवळी पडू लागली की, महिना कोणता हे न विचारता पाणी कमी करत जा. 'रोज एक तांब्या' हा नियम येथे घातक आहे. कंद कुजतो तो बहुधा याच काळात. खोड ओढू नका, ते आपोआप सुटते. मग कंद सावलीत सुकवून, कोरड्या वाळूत घालून घरातील सर्वांत गार, कोरड्या जागी ठेवा. पंधरा दिवसांनी काट्यावर तोलून वजन लिहीत जा. वजन झपाट्याने उतरू लागले तर जागा बदला. पुन्हा लावताना खोलगट बाजू वर ठेवा, कारण कोंब तेथूनच फुटतात. मात्र त्या खोलगटात पाणी साचू देऊ नका.

आणि एक प्रयोग. डोंगराळ भागातील रोपवाटिकेतून दोन कंद मिळाले तर ते पावसाळा संपताना भुसभुशीत, पालापाचोळ्याच्या खताच्या मातीत लावा. रोपे वर आली की दोन्ही कुंड्या उजेडाच्या पण थेट उन्हाबाहेरच्या जागी ठेवा. एकीवर सूर्यास्तापासून रात्री नऊपर्यंत लहानसा एलईडी दिवा लावा. दुसरीला नैसर्गिक दिवसच पुरे. पहिली कळी, पहिले पिवळे पान, यांच्या तारखा दोन्हींसाठी वेगळ्या लिहा. दिव्याचा उजेड दुसऱ्या कुंडीवर पडणार नाही एवढे पाहा. मध्ये जाड पुठ्ठा उभा केला तरी चालेल.