खाऱ्या पाण्यातील विजेचा हिशेब कोणी ठेवायचा?

समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या प्रकल्पांविषयी आपल्या मंडळींत दोनच सूर ऐकू येतात. एक, विज्ञानाने पाण्याचा प्रश्न सोडविला म्हणून कृतार्थ होणारा. दुसरा, हे सारे कंत्राटदारांचे कुरण आहे म्हणून तोंड फिरविणारा. दररोज 200 आणि पुढे 400 दशलक्ष लिटर पाणी देणाऱ्या मनोरी प्रकल्पाच्या सविस्तर अहवालाचे काम मुंबई महानगरपालिकेने 2021 साली एका इस्रायली कंपनीकडे सोपविले, तेव्हाही हेच झाले. कारखान्याच्या आत पैसा नेमका कोठे मुरतो, हे पाहण्याचे कष्ट कोणी फारसे घेतले नाहीत. अर्थशास्त्राच्या माणसाने यंत्रात नाक खुपसू नये, असे कोणी म्हणेल. परंतु या पाण्याचा सर्वांत मोठा चालू खर्च वीज हा आहे, आणि त्या खर्चाची किल्ली एका यंत्रात आहे.

हिशेब साधा आहे. समुद्राचे पाणी सूक्ष्म पडद्यातून रेटावयाचे, तर वातावरणाच्या सुमारे साठपट दाब द्यावा लागतो. आत गेलेल्या अडीच लिटरांतून एक लिटर गोडे पाणी निघते. उरलेले दीड लिटर अधिक खारट पाणी जवळजवळ तेवढाच दाब घेऊन बाहेर पडते. म्हणजे पाण्याला दिलेल्या शक्तीचा निम्म्याहून अधिक भाग समुद्राकडे परत निघालेला असतो. तो हिसकावून घेऊन नव्या पाण्याला देणारे यंत्र म्हणजे ऊर्जा-पुनर्प्राप्ती यंत्र. पूर्वी हे काम पेल्टन चक्राकडून करवीत. आता बहुतेक ठिकाणी चिनीमातीसारख्या कठीण पदार्थाचे फिरते दंडगोल असतात. त्यांतील खोबण्यांत खारट पाणी ताज्या पाण्याला थेट ढकलते आणि 95 टक्क्यांच्या आसपास शक्ती परत मिळते. हजार लिटरांमागे एरवी सहा-आठ युनिटे लागावयाची, ती तीन-चारांवर आली, त्यात या यंत्राचा वाटा सर्वांत मोठा आहे.

या यंत्राला ना मोटर, ना वंगण. फटी केसाहूनही बारीक, आणि पाणी हेच वंगण. म्हणूनच ‘याला देखभाल लागत नाही’ असे विक्रेता सांगतो. हे अर्धसत्य आहे. नळीच्या दुरुस्तीनंतर उरलेला कचरा आत शिरला, किंवा कारखाना बंद ठेवताना गोड्या पाण्याने यंत्र धुतले नाही व आत जीवजंतूंचा थर धरला, की दंडगोल अडकतो. अडकला तरी कारखाना थांबत नाही, हीच खरी मेख! खारट पाणी सरळ ताज्या पाण्यात मिसळत राहते, पडद्यापुढचा खारटपणा वाढतो, दाब वाढवावा लागतो आणि विजेचे मीटर मुकाट्याने पळते. अशी यंत्रे डझनांनी शेजारी शेजारी जोडलेली असतात. एक बंद पडले तर सामायिक मापात ते झाकून जाते. म्हणून प्रत्येक यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा खारटपणा वेगळा मोजावा लागतो आणि दोन्ही बाजूंचे प्रवाह व दाब नोंदवावे लागतात. अनुभवी कामगाराला तर यंत्राचा आवाज बदललेला कानानेच कळतो. आणखी एक लबाडी संभवते. गाळलेले पाणी वाचविण्यासाठी चालक कमी दाबाच्या बाजूचा प्रवाह आवळतो. तेथे चार पैसे वाचतात, आणि मिसळण वाढून वीज जाते.

200 दशलक्ष लिटरांच्या कारखान्यात हजार लिटरांमागे केवळ एक दशांश युनिट वाया गेले, तर दिवसाला 20,000 व वर्षाला 73 लाख युनिटे जातात. युनिटला आठ रुपये धरले, तर पावणेसहा कोटींहून अधिक रुपये! ते कोणाच्या खिशातून जाणार, हे यंत्र ठरवीत नाही, करार ठरवितो. चेन्नईजवळचा मिंजूरचा प्रकल्प 2010 साली खाजगी कंपनीने बांधून चालविण्याच्या आणि शहराने 25 वर्षे पाणी विकत घेण्याच्या करारावर सुरू झाला. नेम्मेलीचा 2013 साली सरकारी पैशातून उभा राहिला, पण चालविण्याचे काम कंपनीकडेच गेले. 2019 च्या उन्हाळ्यात जलाशय आटले, तेव्हा या दोन्ही कारखान्यांनी शहराला हात दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न निराळा आहे. विजेचे बिल जसेच्या तसे सार्वजनिक संस्थेच्या माथी येणार असेल, तर अडकलेला दंडगोल सोडविण्याची घाई चालकाला का असावी? आणि अशा कारखान्यात कंत्राटी कामगार दर वर्षी बदलले, तर तो आवाज ओळखणारा कान राहणार कोठे?

गोरेगावच्या मृणालताईंना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत. त्यांच्या काळी हंडा घेऊन कचेरीवर जाता येत असे, कारण नळ कोरडा आहे हे कोणालाही दिसे. येथे नळाला पाणी येतच राहील. तूट दिसेल ती फक्त नोंदवहीत. म्हणून ती नोंदवही मागितली पाहिजे. दर हजार लिटरांमागे लागलेली वीज आणि प्रत्येक यंत्राचा खारटपणा दर महिन्याला जाहीर व्हावा, ठरलेल्या मर्यादेपलीकडची वीज चालकाच्या खात्यावर पडावी, आणि यंत्रे उघडून तपासणारे अभियंते व कामगार पालिकेचे, कायम नोकरीतले असावेत. गोडे पाणी करण्याची विद्या या देशाला परकी नाही. भावनगरच्या सरकारी संस्थेने पडदे विकसित केले, कल्पाक्कमला भाभा अणुसंशोधन केंद्राने कारखाना चालविला.

मुंबईला रोज सुमारे 4,000 दशलक्ष लिटर पाणी मिळते, त्यातील बरेचसे शहापूर तालुक्यातून. आणि त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मनोरीचे पाणी आल्यावर शहापूरचे किती पाणी शहापुराला सुटणार, हे त्या करारात लिहिले जाणार आहे काय, असेही आपल्या कार्यकर्त्यांनी एकदा विचारून पाहावे.