तान्ह्या मुलाला भरवणार कोण?

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची बालके दगावली. पाठोपाठ मेळघाटचे नाव गाजले. समित्या आल्या, दौरे झाले, योजनांची नावे बदलली. आकडे मात्र हललेले नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ साली महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३४.४ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ३५.२ टक्के झाले. उंचीच्या मानाने रोडावलेली मुले दोन्ही वेळा २५.६ टक्केच!

या अपयशाचे खापर हटकून आईच्या अज्ञानावर फोडले जाते. हा आरोप आम्हाला साफ अमान्य आहे. सहा महिन्यांनंतर मुलाला केवळ अंगावरचे दूध पुरत नाही. त्याचे पोट लहान. म्हणून दिवसातून अनेकदा घट्ट, तेल-तूप घातलेले अन्न कोणीतरी जवळ बसून भरवावे लागते. खुजेपण मुख्यतः गर्भावस्थेत आणि पहिल्या दोन वर्षांत जडते. पुढे ते सहसा भरून निघत नाही. नेमक्या याच काळात मजूर आई निंदणीला, वीटभट्टीवर वा उसाच्या फडात असते आणि मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर. तेव्हा प्रश्न अज्ञानाचा नसून मजुरीचा आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची उणीव येथेच आहे. तीन वर्षांवरील मुलाला अंगणवाडीत गरम आहार मिळतो. त्याहून लहानाच्या वाट्याला घरी न्यायचे पाकीट येते. पाकीट मुलाला भरवीत नाही. शिवाय २०१७ साली केंद्राने या आहारासाठी ठरवलेला दर होता मुलामागे दिवसाला ८ रुपये.

उपाय अज्ञात नाही. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात, कामावर पाच वा अधिक लहान मुले असल्यास ती सांभाळण्यासाठी एक स्त्री नेमण्याची तरतूद होती. ती बव्हंशी कागदावर राहिली. छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगाने तीन वर्षांखालील मुलांसाठी गावोगाव फुलवाऱ्या चालवून हे काम करून दाखवले आहे.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी : प्रत्येक पाड्यावर आणि प्रत्येक फडावर पाळणाघर, तेथे दिवसभर ताजे अन्न, आणि सांभाळणाऱ्या स्त्रीला किमान वेतन. ऊसतोडणीच्या टोळ्या गाव सोडण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी तान्ह्या मुलांच्या याद्या कराव्यात आणि मुकादम, कारखाना व तहसीलदार यांना एकच प्रश्न विचारावा : या मुलांना भरवणार कोण?