पुढच्या हंगामाची फळी आणि शिकविणारा

बास्केटबॉलचा हंगाम संपला की आपल्या महाविद्यालयांतून एकच चर्चा सुरू होते : पुढच्या वर्षी कोण राहणार आणि कोण जाणार? तिसऱ्या वर्षाची मुले पदवी घेऊन बाहेर पडतात, एखाद्या उंचापुऱ्या गड्याला कोठे नोकरी लागते, आणि उरलेल्यांतून पाच नावे जुळविताना क्रीडाविभागाची तारांबळ उडते. या सगळ्या चर्चेत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. या पाचजणांना शिकविणार कोण?

आमचे मत असे की, आधी शिकविणारा ठरवावा आणि मग खेळाडू. प्रत्यक्षात घडते ते उलट. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची तारीख लागली की फलकावर सूचना झळकते, आठ दिवस घाईघाईने सराव होतो, आणि मिळेल त्या प्रशिक्षकाच्या हाती संघ सोपविला जातो. सामने आटोपले की त्याचाही निरोप. पुढल्या वर्षी नवा माणूस, नवी पद्धत. मुलांनी शिकावे काय आणि विसरावे काय?

ज्यांनी हा खेळ जन्मास घातला त्या जेम्स नायस्मिथ यांची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे त्यांनी हा खेळ शोधून काढला, आणि पुढे कॅन्सस विद्यापीठाचे ते पहिले प्रशिक्षक झाले. त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले! खेळाचा जनकच तोट्यात राहिला. पण त्यांच्याच हाताखाली शिकलेले फॉग ॲलन यांनी त्या विद्यापीठाचा संघ एकूण ३९ हंगाम सांभाळला. १९५६ साली वयोमर्यादेमुळे त्यांना निवृत्त व्हावे लागले. १८९८ पासून आजपावेतो त्या संघाला अवघे आठ प्रशिक्षक लाभले आहेत. आपल्याकडे एखाद्या महाविद्यालयाचे आठ प्रशिक्षक व्हायला आठ वर्षे पुरतात.

ग्वाल्हेरकरांना हे निराळे समजावून सांगायला नको. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली येथे संगीत विद्यालय काढले ते दर पावसाळ्यात गुरू बदलण्यासाठी नव्हे. गायकीला जे लागते ते चेंडूला लागत नाही, असे का समजावे?

आता फळीविषयी. उंची पाहून पाच नावे लिहिणे ही आपली जुनी खोड. चेंडू टोपलीशी नेऊन घालणारा उंच गडी हवाच, परंतु चेंडू हाती ठेवून खेळ चालविणारा ठेंगणा, चपळ, थंड डोक्याचा मुलगा त्याहून दुर्मिळ असतो. चोवीस सेकंदांत चेंडू टोपलीकडे टाकायचा आणि पहिल्या आठांत अर्धे मैदान ओलांडायचे, हे नियम आल्यापासून अशा मुलावाचून संघ लंगडाच. तो एका वर्षात तयार होत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की पुढच्या संघात पहिल्या वर्षाची निदान दोन मुले नेहमी मैदानावर असावीत, मग त्यापायी चार सामने हरले तरी बेहत्तर. मागे एका सामन्यात आम्ही पाहिले : तेच पाचजण चाळीसही मिनिटे धावत होते, तिसऱ्या डावात त्यांचे पाय जड झाले, आणि बाकावरची मुले टॉवेल सांभाळीत बसली होती. त्या बाकावरच्यांचे नशीब काय? पुढच्या हंगामाचा संघ तोच तर होता.

प्रशिक्षक आणायचा कोठून, असा प्रश्न या शहरात तरी कोणी विचारू नये. १८५७ च्या शताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९५७ साली, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. पी. एम. जोसेफ हे त्याचे पहिले प्राचार्य. १९९५ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देशभरच्या शाळा-महाविद्यालयांना खेळ शिकविणारी माणसे रेसकोर्स रस्त्यावरच्या या संस्थेतून जातात. तेथील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकविण्याचा सराव अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून करावा लागतो. मग बास्केटबॉलचा विशेष अभ्यास करणारे दोन-दोन विद्यार्थी एम.एल.बी. आणि कमलाराजा महाविद्यालयांच्या संघांना, एखाद्या अनुभवी प्राध्यापकाच्या देखरेखीखाली, वर्षभर का जोडून देऊ नयेत? विद्यार्थी बदलले तरी देखरेख करणारा एकच राहील. खर्च मुलांच्या येण्याजाण्याचा आणि चेंडूंचा. अडचण असलीच तर ती दोन कचेऱ्यांतील पत्रव्यवहाराची.

या संघांत लष्करातल्या आपल्या घरांतील मुले आताशा फारशी दिसत नाहीत, हे लिहिताना वाईट वाटते. बारावी झाली की पुणे नाहीतर बंगळूर. जी राहतात त्यांना संध्याकाळची शिकवणी. मुलींच्या बाबतीत तर 'खेळून काय मिळणार' हा आजीचा प्रश्न अद्यापि उत्तरादाखल फिरविला जातो. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले, हे या आजींना कोणीतरी सांगावयास हवे. आमच्याच शहरात २००६ पासून मुलींची हॉकी अकादमी चालते. परगावच्या मुली येथे राहून, वर्षभर एका शिस्तीत शिकून भारतीय संघापर्यंत पोहोचल्या. आणि आपल्या मुली गच्चीवरून पाहत राहिल्या.

आंतरविद्यापीठ सामन्यांना वयाची मर्यादा पंचवीस वर्षांची आहे. अठराव्या वर्षी आलेल्या मुलाच्या हाती, पुढे शिकत राहिला तर, सहासात हंगाम असतात. त्यांतले दोन नवे प्रशिक्षक ओळखण्यात गेले की उरले किती, हा हिशेब प्राचार्यांनी प्रवेशाचे अर्ज वाटण्यापूर्वी करावा. निवड पावसाळ्यातच व्हावी, प्रशिक्षकाचे नाव त्याच फलकावर खेळाडूंच्या नावांच्या वर लिहावे, आणि संध्याकाळी सहानंतर मैदानावरचे दिवे चालू राहतील एवढी व्यवस्था करावी. शिकवणी सुटलेली मुले त्याच वेळी येऊ शकतात.